नमुना जपा, प्रश्न नेमका विचारा

नवरात्र बसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२५ला, वायव्य दिल्लीतल्या जहांगीरपुरी, महेंद्र पार्क, भलस्वा डेअरी या भागांतले दीडशे-दोनशे लोक उलट्या आणि अस्वस्थपणाची तक्रार घेऊन बाबू जगजीवन राम रुग्णालयात पोचले. सगळ्यांनी उपासाला कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाल्ले होते. त्याआधी फेब्रुवारी २०२४मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावात हरिनाम सप्ताहात भगर आणि आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. खाटा अपुऱ्या पडल्या आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाइन लावावी लागली.

अशा घटनांनंतर प्रश्न एकच असतो : अन्नात नेमकं होतं काय? जिवाणू, जिवाणूचं विष, बुरशी, की आणखी काही? दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादेत आता याचा शोध जनुकीय चाचणीने घेणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. राजेंद्र नगर किंवा मुखर्जी नगरात मेसचं जेवून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मराठी मुलं, गणेशोत्सवात महाप्रसाद करणारी मंडळं, घरून डबे, मोदक, श्रीखंड विकणाऱ्या गृहिणी या सगळ्यांना कधीतरी या चाचणीची गरज पडू शकते. चाचणी महाग असते आणि नमुना नीट, प्रश्न नेमका असला तरच उपयोगी पडते. ती विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते आणि हाती आलेल्या नमुन्यापलीकडे तिला काही दिसत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी पुढच्या गोष्टी समजून घ्या.

चाचणी काय करते?

जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे कल्चर. अन्नाचा २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर पोषक द्रवात मिसळून उबेला ठेवतात. त्यातले जिवाणू वाढले की निवडक माध्यमांवर पसरतात आणि उगवलेल्या ठिपक्यांची ओळख पटवतात. साल्मोनेलाचा निर्णय यायला तीन ते पाच दिवस लागतात.

जनुकीय चाचणी म्हणजे मुख्यतः पीसीआर. हे नाव करोनामुळे घराघरात पोचलं. कॅरी मलिस यांनी १९८३मध्ये हे तंत्र शोधलं आणि १९९३मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जिवाणूच्या डीएनएमधला एक ठरावीक तुकडा निवडायचा आणि तो असेल तर तीस-चाळीस फेऱ्यांमध्ये त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, इतकं हे सरळ आहे. मतदार यादीत एकच आडनाव शोधावं तसं यंत्र तेवढाच तुकडा शोधतं. बाकीच्या यादीशी त्याला देणंघेणं नसतं.

कोणता तुकडा शोधायचा हे जिवाणूवर ठरतं. साल्मोनेलासाठी बहुधा ‘इन्व्ह-ए’ हे जनुक पाहतात. आतड्याच्या पेशींत शिरण्याची त्याची क्षमता या जनुकाशी जोडलेली आहे. रक्ताचे जुलाब करणाऱ्या ई-कोलायसाठी शिगा विषाची ‘एसटीएक्स-१’ आणि ‘एसटीएक्स-२’ ही जनुकं, तर पटकीच्या जिवाणूसाठी पटकीचं विष तयार करणारं ‘सीटीएक्स’ पाहतात. एकाच नळीत अशी अनेक जनुकं एकदम तपासली तर त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. प्रत्यक्ष पीसीआर दोन-तीन तासांत उरकते. मात्र अन्नाच्या नमुन्यात आधी रात्रभर जिवाणू वाढवून घ्यावे लागतात, म्हणून विश्वासार्ह निकाल साधारण एक ते दोन दिवसांत मिळतो. अन्नाचा निकाल ‘दोन तासांत’ देतो म्हणणाऱ्याला, जिवाणू वाढवण्याची पायरी केली का, हे आधी विचारा.

सापडणं वेगळं, ओळख पटणं वेगळं

ई-कोलाय निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो. त्यामुळे ‘ई-कोलाय सापडला’ या वाक्यातून फार तर अन्नाला मलाचा किंवा घाण पाण्याचा संसर्ग झाल्याची शंका घेता येते. आजाराचं कारण समजायला त्याच्याकडे कोणती विषजनुकं आहेत ते कळायला हवं. शिगेला आणि ई-कोलाय इतके जवळचे नातलग आहेत की, जिवाणू ओळखण्यासाठी सर्रास वापरली जाणारी १६-एस जनुकाची चाचणी त्यांना वेगळं करू शकत नाही. जुलाबाच्या अहवालात ‘शिगेला किंवा ईआयईसी’ (आतड्याच्या पेशींत शिरणारा ई-कोलाय) असं जोडनाव दिसतं ते याच कारणाने. तिथे शोधलेलं जनुक दोघांकडेही असतं. शिळ्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस आणि त्याचे भाऊबंद यांचीही तीच गत आहे.

साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक उपप्रकार आहेत. त्यातला टायफी विषमज्वर देतो, टायफिम्युरियम बहुतेकदा जुलाबावर थांबतो. उपचार, संसर्गाचा स्रोत आणि पुढची खबरदारी या सगळ्यांतच दोघांत फरक आहे. असे उपप्रकार आणि त्यांच्या आतले भेद ओळखण्याची परंपरा दिल्लीत जुनी आहे. लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये साल्मोनेलाचं राष्ट्रीय फाज टायपिंग केंद्र आहे. कोणते विषाणू कोणत्या जिवाणूला मारतात यावरून तिथे जिवाणूचा वाण ठरवला जात असे. पुढे डीएनए कापून त्याच्या पट्ट्यांची नक्षी जुळवण्याची पद्धत आली. अमेरिकेने १९९६मध्ये पल्सनेट हे जाळं त्यावरच उभं केलं आणि २०१९मध्ये ती सोडून जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्याची पद्धत स्वीकारली. साल्मोनेलाच्या जनुकसंचात सुमारे ४८ लाख अक्षरं असतात. रुग्णाकडून आणि अन्नातून मिळालेल्या जिवाणूंत त्यांपैकी मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर दोघांचा उगम एक असल्याचा पुरावा भक्कम होतो.

ओळख पटण्याआधी बोट दाखवलं तर काय होतं, हे जर्मनीने २०११मध्ये पाहिलं. रक्ताच्या जुलाबांची साथ पसरली, हॅम्बुर्गमध्ये स्पॅनिश काकड्यांवर विषारी ई-कोलाय सापडला आणि काकडी दोषी ठरली. स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. पुढच्या तपासणीत काकडीवरचा वाण आणि रुग्णांमधला ओ-१०४ हा वाण वेगळे निघाले. खरा स्रोत होता मोड आलेली मेथी, आणि तिचं बी इजिप्तहून आलेलं होतं. तोवर ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. काकडीवर जिवाणू सापडला हे खरं होतं, तरी साथीशी त्याचा संबंध नव्हता. मेसमालकाशी भांडताना किंवा एखाद्या दुकानाची बदनामी करणारी चित्रफीत टाकताना हा फरक ध्यानात ठेवा.

या चाचणीला काय दिसत नाही?

जिवाणूंवरची पीसीआर बुरशीचं विष, कीटकनाशक किंवा भेसळ शोधत नाही. भगर आणि कुट्टू यांच्या बाबतीत पहिला संशय अनेकदा दमट साठवणीत वाढणाऱ्या बुरशीवर असतो. तिथे बुरशीच्या विषाची रासायनिक चाचणी आणि जिवाणूंची चाचणी दोन्ही मागाव्या लागतात. नुसती ‘पीसीआर करा’ म्हणालात तर निर्दोष अहवाल हातात येईल आणि विषारी पीठ डब्यात राहील.

दुसरी मर्यादा जिवाणूने आधीच सोडलेल्या विषाची. स्टॅफिलोकॉकस पेढ्यात, खव्यात, क्रीममध्ये वाढतो. पदार्थ पुन्हा तापवला तर जिवाणू मरतो, पण त्याचं विष टिकतं. बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं विष तर प्रेशर कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या असतील तर विषासाठीची वेगळी चाचणी विचारा.

तिसरी गोष्ट मेलेल्या जिवाणूची. डीएनए जिवाणूबरोबर लगेच नष्ट होत नाही, त्यामुळे नीट उकळलेल्या पदार्थातही पीसीआर ‘आढळला’ म्हणू शकते. आधी जिवाणू वाढवून घेतले की हा धोका बराच कमी होतो, आणि म्हणूनच होकारार्थी निकालाची खात्री कल्चरने करून घेतात. चौथी अडचण आपल्या स्वयंपाकाची आहे. मसाले, तेल-तूप, दुधातलं कॅल्शियम हे पीसीआरच्या रसायनात अडथळा आणतात. जिवाणू असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. चांगली प्रयोगशाळा प्रत्येक नळीत अंतर्गत नियंत्रण, म्हणजे मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनए, ठेवते. तो दिसला नाही तर ती चाचणी बाद धरून पुन्हा करावी लागते.

आजारी पडलात तर

उपचार आधी, शोध नंतर. पाणी कमी पडू देऊ नका, जलसंजीवनी सुरू ठेवा. शौचातून रक्त, कमी झालेली लघवी, थांबत नसलेल्या उलट्या, सुस्ती, जास्त ताप यांपैकी काही दिसलं, किंवा रुग्ण गरोदर, तान्हा, वृद्ध असेल, तर थेट रुग्णालय गाठा. रक्ताच्या जुलाबात स्वतःच्या मनाने प्रतिजैविक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका. शिगा विष असलेल्या ई-कोलायच्या आजारात त्याने मूत्रपिंडावर संकट येऊ शकतं.

शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी द्या. नंतर दिलेल्या नमुन्यात डीएनए सापडेलही, पण जिवंत जिवाणू हाती लागणं कठीण होतं. आणि तो जिवंत हवा, कारण कोणतं औषध लागू पडेल हे कल्चरवरच खात्रीने ठरतं. टायफॉइडला आपल्याकडे नेहमीची काही औषधं दाद देईनाशी झाली आहेत, म्हणून ही पायरी महत्त्वाची. टायफॉइडच्या संशयात रक्ताचं कल्चर मागा. गल्लोगल्ली होणाऱ्या विडाल चाचणीवर भिस्त ठेवू नका, तिचे निकाल दोन्ही बाजूंनी फसवे निघतात.

मोठ्या रुग्णालयांत शौचाच्या एकाच नमुन्यावर वीसेक रोगजंतू तपासणारे पॅनेल मिळतात. ते स्वस्त नसतात आणि साध्या, दोन दिवसांत थांबणाऱ्या जुलाबासाठी त्यांची गरज नसते. गंभीर रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण किंवा लांबलेला आजार असेल तर डॉक्टर सुचवतील. पॅनेलमध्ये एकापेक्षा जास्त जंतू ‘पॉझिटिव्ह’ आले तरी घाबरू नका. आपल्याकडे निरोगी माणसांतही काही प्रकारचे ई-कोलाय आढळतात. लक्षणांशी मेळ बसतो का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आदल्या तीन-चार दिवसांत काय, कुठे, किती वाजता खाल्लं ते लिहून काढा. सगळे शेवटच्या समोशाला दोष देतात. स्टॅफिलोकॉकस काही तासांत त्रास देतो हे खरं, पण साल्मोनेला साधारण सहा तास ते काही दिवस घेतो, कॅम्पायलोबॅक्टर दोन ते पाच दिवस आणि टायफॉइड एक-दोन आठवडे किंवा त्याहून जास्त. यादी नसेल तर प्रयोगशाळेला कोणता प्रश्न विचारायचा हेच कळत नाही.

अन्नाचा नमुना कसा ठेवाल?

संशयित पदार्थ फेकू नका, भांडं घासू नका. औषधाच्या दुकानात लघवी तपासणीसाठी मिळणाऱ्या निर्जंतुक डब्या चालतात. एक पुरत नाही, तीन-चार घ्या. एकूण २०० ते २५० ग्रॅम नमुना असावा. चमचा उकळत्या पाण्यातून काढून गार करून वापरा, आतल्या बाजूला हात लावू नका. डबीवर पदार्थाचं नाव, खरेदीचं ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा. बंद पाकीट असेल तर वेष्टनासकट ठेवा, बॅच क्रमांक त्यावरच असतो.

डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात शून्य ते चार अंशांवर ठेवा. बर्फाच्या कप्प्यात घालू नका. गोठवल्याने कॅम्पायलोबॅक्टर आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्ससारखे जिवाणू मरतात. शक्य तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा आणि नेताना थर्मासच्या पेटीत बर्फाच्या जेल पिशव्या ठेवा. मे-जूनच्या दिल्लीत पारा ४४-४५ अंशांवर जातो. नमुना तासभर डिकीत राहिला तर त्यातले जिवाणू अनेक पटींनी वाढतात आणि मग अहवाल जेवणाबद्दल काही सांगत नाही.

कुठे जायचं, काय विचारायचं?

खासगी प्रयोगशाळा निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, एनएबीएलची आयएसओ १७०२५ मान्यता. ही संस्था गुरुग्रामलाच आहे आणि कोणत्या प्रयोगशाळेला कोणत्या चाचणीसाठी मान्यता आहे ती यादी तिच्या संकेतस्थळावर पाहता येते. भिंतीवर प्रमाणपत्र असणं पुरेसं नाही. तुम्हाला हवी असलेली चाचणी, हव्या त्या पदार्थासाठी, त्या यादीत असायला हवी. दोन, अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ती प्रयोगशाळा अधिसूचित केली आहे का. मग हे विचारा : कोणते जिवाणू आणि कोणती जनुकं शोधणार? आधी वाढवून घेणार का? अंतर्गत नियंत्रण असतं का? निकाल होकारार्थी आला तर कल्चरने खात्री करून वेगळा केलेला जिवाणू जपून ठेवणार का? पुढे रुग्णाच्या जिवाणूशी तुलना करायची वेळ आली तर तोच लागतो.

कायद्याची वाट वेगळी आहे. तुम्ही स्वतः नेलेला, उघडलेला डबा खटल्यात टिकणं अवघड असतं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६च्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. एरवी एफएसएसएआयच्या १८००-११-२१०० या क्रमांकावर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार करा, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी रीतसर नमुना घेईल. दिल्ली आणि भोवतालचा राजधानी परिसर, म्हणजे एनसीआर, एकाच प्रशासनाखाली नाही. दिल्ली, गुरुग्राम-फरिदाबाद आणि नोएडा-गाझियाबाद यांचे अन्न सुरक्षा विभाग तीन वेगळ्या सरकारांचे आहेत. राहता कुठे यापेक्षा पदार्थ कुठे विकत घेतला हे तक्रारीत महत्त्वाचं. निकृष्ट अन्नामुळे मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजेसाठी तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद याच कायद्याच्या कलम ६५मध्ये आहे.

एकाच ठिकाणी जेवलेले अनेकजण आजारी पडले तर ती साथ समजा आणि जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षाला लगेच कळवा. सिव्हिल लाइन्समधल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रापर्यंत नमुने त्याच वाटेने जातात. पाच-दहा रुग्णांचे नमुने आणि अन्नाचा नमुना असे दोन्ही मिळाले तरच जुळवणी शक्य होते. एकट्यादुकट्या रुग्णाच्या अहवालावरून स्रोत सिद्ध होत नाही.

अहवाल हातात आल्यावर

‘२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’ याचा अर्थ त्या २५ ग्रॅममध्ये सापडला नाही, एवढाच. जिवाणू पातेल्यात सारखे पसरलेले नसतात. म्हणून साल्मोनेलासाठी नियमांत एकाच बॅचचे पाच नमुने तपासून पाचही निर्दोष असावे लागतात. ‘सीटी’ या, कितव्या फेरीत तुकडा दिसला हे सांगणाऱ्या, आकड्यावरून घाबरू नका. जिवाणू आधी वाढवून घेतले असतील तर तो आकडा मूळ अन्नात किती जिवाणू होते ते सांगत नाही. पद्धतीचं नाव, नमुना पोचला तेव्हाचं तापमान आणि मान्यतेचं चिन्ह अहवालावर नसेल तर तो परत पाठवा.

मंडळं आणि डबेवाल्यांसाठी

दर आठवड्याला पीसीआर करणं तुमच्या आवाक्यात नाही आणि त्याची गरजही नाही. पैसे आधी पाण्याच्या तपासणीवर आणि एका चांगल्या तापमापकावर खर्च करा. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवा. मधल्या तापमानात ते दोन तासांहून जास्त राहता कामा नये. भात मोठ्या पातेल्यात निववू नका, पसरट परातींत काढा. भगर, राजगिरा, कुट्टू सुटं पीठ म्हणून घेऊ नका. बंद पाकिटातलं, तारीख पाहून घ्या, आणि भगर धुऊन, निवडून शिजवा. नवा पदार्थ बाजारात आणताना किंवा पुरवठादार बदलताना मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून साल्मोनेला आणि, दुधाचा पदार्थ असेल तर, लिस्टेरियाही तपासून घ्या.

लिस्टेरिया फ्रिजमध्येही वाढतो, म्हणून त्याच्याकडे काणाडोळा नको. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसातून पसरलेल्या लिस्टेरियाने १,०६० लोकांना गाठलं आणि दोनशेहून अधिक बळी घेतले. रुग्णांचे, मालाचे आणि कारखान्यातले जिवाणू एकाच वाणाचे आहेत हे संपूर्ण जनुकसंच वाचूनच सिद्ध झालं. कारण तिन्ही ठिकाणचे नमुने हातात होते.

आपल्याकडे बहुतेक वेळा तेच नसतात. म्हणून पुढच्या महाप्रसादाच्या सामानाच्या यादीत तांदूळ-डाळीखाली आणखी एक ओळ लिहा : निर्जंतुक डब्या. पंगत बसण्याआधी प्रत्येक पदार्थ त्यात काढा, नाव-वेळ लिहा आणि तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कुणाला काही झालं नाही तर चौथ्या दिवशी फेकून द्या.